जँगोपलीकडचे: सिंती आणि रोमा जॅझमधले कमी ऐकले गेलेले गिटारवादक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे संगीत नेमकं कुठलं?

पॅरिस आणि आसपासच्या भटक्या वस्त्यांतलं. १९२० च्या दशकात पॅरिसच्या नाचघरांत अकॉर्डियनवर ‘म्युझेत’ वॉल्ट्झ वाजायचे. साथीला बँजो असायचा आणि तो वाजवणारे बरेचदा रोमा, म्हणजे युरोपातल्या भटक्या समाजांतले, असायचे. त्यांच्या कानावर अमेरिकन जॅझच्या तबकड्या पडल्या आणि दोन्हींची सरमिसळ झाली. १९३४ साली पॅरिसमध्ये ‘हॉट क्लब द फ्रान्स’चं पंचक उभं राहिलं: जँगो राइनहार्टची गिटार, स्तेफान ग्रापेलीचं व्हायोलिन, साथीला आणखी दोन गिटार आणि एक डबल बेस. ड्रम नाही, पियानो नाही. सगळा ठेका तारांवर. या एका गोष्टीमुळे हे संगीत बाकीच्या जॅझपेक्षा वेगळं ऐकू येतं.

‘जिप्सी जॅझ’ म्हणावं का?

दुकानांत आणि महोत्सवांत तेच नाव चालतं, त्यामुळे शोधताना ते वापरावंच लागतं. पण माणसांबद्दल बोलताना ‘जिप्सी’ टाळलेलं बरं, आणि जर्मन ‘त्सिगॉयनर’ तर पूर्णपणे टाळावं. नाझी काळात याच शब्दाखाली माणसांच्या याद्या तयार झाल्या. जर्मन भाषक प्रदेशात शतकानुशतकं राहणारे ते सिंती. फ्रान्समध्ये त्यांचेच भाऊबंद स्वतःला मानूश म्हणवतात. स्पेन आणि दक्षिण फ्रान्सकडचे ते जितान. पूर्व युरोपातून आलेल्या अनेक गटांना रोमा म्हणतात. जँगो मानूश होता, फेरे बंधू जितान, एलेक बाचिक हंगेरीचा रोमा. या तिघांचं संगीत एकाच खोक्यात टाकलं की त्यातला फरकच ऐकू येईनासा होतो.

या लोकांचा भारताशी संबंध आहे, हे खरं का?

खरं आहे, आणि त्याचा पक्का पुरावा भाषेत आहे. रोमानी ही आपल्या भाषांच्याच कुळातली, म्हणजे भारतीय-आर्य भाषा. ‘मानूश’ म्हणजे आपला माणूस. पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाक’, वीसला ‘बिश’. मुलाला ‘छावो’ म्हणतात. आपला छावा त्याच घरातला. चावोलो श्मिट हे नाव उच्चारून बघा, त्यातही तो शब्द ऐकू येतो. ‘बारो’ म्हणजे मोठा.

एवढ्यावर थांबावं. या गिटारवादनात राग शोधायला जाऊ नका, ते सापडणार नाहीत. स्वरांची बांधणी युरोपीय हार्मनीची आहे. व्हिएन्नाचा रोमा गिटारवादक हॅरी स्टोइका याने राजस्थानात जाऊन तिथल्या लोककलाकारांबरोबर वाजवलं, पण ती आजच्या काळातली, जाणूनबुजून घेतलेली भेट आहे.

जँगोच सगळीकडे ऐकू येतो. बाकीचे मागे का पडले?

जँगो मोठा होताच. १९२८ साली राहत्या वॅगनला आग लागून डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली आणि तरी त्यानं गिटारची भाषा बदलली, ही गोष्ट कोणालाही धरून ठेवते. पण बाकीचे मागे पडण्याची कारणं त्यांच्या वादनात नाहीत.

पहिलं कारण, तेव्हा तबकडीवर नाव वाद्यवृंदाच्या पुढाऱ्याचं छापलं जायचं. साथीदार बहुतेक वेळा बिननावाचाच. दुसरं, यातल्या बऱ्याच जणांचं खरं वादन घरच्या लग्नात, बाप्तिस्म्याला, वॅगनसमोर व्हायचं. तिथे मायक्रोफोन नव्हता. तिसरं, अनेक कुटुंबांना आपलं संगीत बाहेर फार उघडं करणं पसंत नव्हतं, आणि छळाचा इतिहास पाहता ते समजण्यासारखं आहे.

चौथं कारण सगळ्यांत जड आहे. नाझींनी सिंती आणि रोमा यांचा वंशसंहार केला. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्वित्झ-बिर्केनाउमधली त्यांची छावणी संपवली, हजारोंना वायुकोठडीत मारलं. फ्रान्समधल्या छावण्यांत तर काही कुटुंबं युद्ध संपल्यावरही, १९४६ पर्यंत अडकून होती. जर्मन सरकारनं या संहाराला वंशसंहार म्हणून मान्यता दिली ती १९८२ साली. घराणी पिढीच्या पिढीनं तुटली, आणि जे वाचले त्यांना आधी पोट भरायचं होतं. मग १९६० च्या दशकात रॉक आला आणि नाचघरांतली कामंही गेली.

फेरे बंधू कोण? त्यांचं नाव जाणकार एवढ्या आदरानं का घेतात?

तिघे सख्खे भाऊ: बारो (१९०८–१९७६), साराने (१९१२–१९७०) आणि मातलो (१९१८–१९८९). रुआँकडून पॅरिसला आले. चुलत भाऊ शालँ फेरे हाही उत्तम गिटारवादक. जँगोच्या पंचकात साथीची गिटार वाजवणाऱ्यांत बारो आहे, म्हणजे तुम्ही त्याला आधीच ऐकलं आहे, फक्त नाव माहीत नव्हतं.

बारोचं खरं काम वॉल्ट्झमध्ये आहे. म्युझेत वॉल्ट्झ तोवर गोड आणि वळणदार असायचा. बारोनं त्यात अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी सरकणाऱ्या ओळी घातल्या, बीबॉपचे (वेगवान, अनपेक्षित वळणांच्या आधुनिक जॅझचे) कोपरे घातले, आणि वॉल्ट्झ एकदम अस्वस्थ, धारदार झाला. त्याच्या ‘पानिक’ आणि ‘ला फोल’ या रचना आजही परीक्षा घेतात. बोटं कशीबशी बसतात, पण तीन मात्रांचा झोका टिकत नाही आणि नाच मरतो. युद्धानंतर बारोनं गिटार जवळजवळ बाजूला ठेवली, बार चालवला. १९६६ साली तो परत आला आणि स्विंग-वॉल्ट्झची एक तबकडी केली. अनेक वर्षं बाहेर राहिलेला हात असा वाजू शकतो, यावर विश्वास बसत नाही.

सारानेनं १९४० च्या सुरुवातीला स्वतःचं ‘स्विंग क्विंटेट द पारी’ चालवलं. त्याचा सूर जँगोपेक्षा शांत, जागा सोडून वाजवणारा. तिघांत सर्वांत कमी ऐकला गेलेला हाच, आणि नव्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त शिकवणाराही हाच, कारण त्याचे तुकडे छोटे आणि पुरे असतात.

मातलोचा कान तिघांत सर्वांत मोठा. पॅरिसच्या रशियन कॅबरेंमध्ये त्यानं वर्षानुवर्षं वाजवलं, त्यामुळे रशियन आणि रुमानियन गीतं, म्युझेत आणि जॅझ, तिन्ही त्याच्या हातात सहज येतात. आपण सगळ्यांनी त्याचं ऋण मानायला हवं, ते एका खास गोष्टीसाठी. जँगोनं तरुणपणी केलेले काही वॉल्ट्झ स्वतः कधी रेकॉर्डच केले नाहीत. ते मातलोच्या स्मरणात होते आणि त्यानं ते १९६० च्या सुमाराला वाजवून ठेवले. नाहीतर आज ते उरलेच नसते. आपल्याकडे एखादी चीज फक्त एका शिष्याच्या गळ्यात उरते, तसंच.

मातलोचे मुलगे बुलू (जन्म १९५१) आणि एलिओस (जन्म १९५६) आडनाव ‘फेरे’च लावतात, पण रोमन लिपीत त्याचं स्पेलिंग वेगळं आहे. बुलू लहान वयातच तबकड्या करत होता. दोघा भावांनी डॅनिश ‘स्टीपलचेस’ लेबलसाठी केलेल्या रेकॉर्डमध्ये बाख, बीबॉप आणि मानूश वॉल्ट्झ एकाच श्वासात येतात.

जँगोच्या आधी कोणी होतं का?

होतं. पुलेत कास्त्रो आणि गुस्ती माल्हा ही दोन नावं लक्षात ठेवा. पोरसवदा जँगो बँजो-गिटार शिकला तो अशाच वडीलधाऱ्या जितान वादकांकडे बघत. ‘वॉल्ट्झ दे निग्लो’ ही गुस्ती माल्हाची रचना आजही प्रत्येक बैठकीत वाजते. निग्लो म्हणजे साळिंदरासारखा काटेरी छोटा प्राणी, हेजहॉग.

जँगोचा भाऊ आणि मुलं?

धाकटा भाऊ जोसेफ, लाडानं नँ-नँ (१९१२–१९८२). हॉट क्लबच्या पंचकाचा कणा. १९४३ मध्ये त्यानं स्वतःच्या नावावरही रेकॉर्ड केल्या, त्या ऐकल्या की कळतं, हा नुसता साथीदार नव्हता.

थोरला मुलगा लूसॉं बाउमगार्टनर फार थोडा रेकॉर्ड झाला. धाकटा बाबिक (१९४४–२००१) मुद्दाम वेगळ्या वाटेनं गेला: इलेक्ट्रिक गिटार, आधुनिक जॅझ, फ्युजन. त्याच्याकडून वडिलांच्या ‘मायनर स्विंग’ या प्रसिद्ध रचनेची अपेक्षा ठेवून बसलेल्यांनी त्याला नीट ऐकलंच नाही. हा त्याच्यावर अन्याय झाला असं आमचं स्पष्ट मत आहे.

पॅरिसबाहेरचे कोण ऐकावेत?

ल्यॉंकडचा पॉल ‘चान चू’ विदाल (१९२३–१९९९). ‘ला जिताने’ ही त्याची रचना जगभर वाजते, पण वाजवणाऱ्यांतल्या निम्म्यांना तो कोण हे माहीत नसतं. त्याचा स्ट्रोक स्वच्छ आणि कडक, प्रत्येक स्वर सुटा. मोरेनो विंटरश्टाइन त्याच्या तालमीतला, त्याच्या हातात तो कडकपणा अजून ऐकू येतो.

पॅरिसच्या वेशीवर, सँ-तुआँच्या जुन्या बाजारात, ‘ला शोप दे प्युस’ नावाचा छोटा बार आहे. तिथे मोंदीन गार्सिया (१९३६–२०१०) दशकानुदशकं आठवड्याच्या शेवटी मुलगा निनीनबरोबर वाजवत असे. मोठे दौरे नाहीत, फार तबकड्या नाहीत. एकाच खुर्चीवरून त्यानं कित्येक पिढ्यांचे कान घडवले.

अल्सास-लोरेनकडे चावोलो श्मिट, दोरादो श्मिट, मांदिनो राइनहार्ट आणि बिरेली लाग्रेन. बिरेली (जन्म १९६६) प्रसिद्ध आहे, त्याला दुर्लक्षित म्हणता येणार नाही. मांदिनोला मात्र म्हणता येईल. त्याचा सूर मऊ आणि विचारी, घाई नसलेला.

जर्मनीत काय झालं?

व्हायोलिनवादक श्नुकनाक राइनहार्टनं (१९२१–२००६) १९६० च्या दशकाच्या शेवटी पंचक उभं केलं आणि जर्मन सिंतींचं संगीत पहिल्यांदा उघडपणे मंचावर आलं. संहारानंतर जेमतेम वीस-बावीस वर्षांनी असं समोर उभं राहायला काय लागलं असेल, याचा विचार करून ते ऐका. त्या पंचकाशी जोडलेला दावेली राइनहार्ट (१९३२–२०१६) कोब्लेन्झचा. लहानपणी आउश्वित्झमधून वाचलेला. त्याच पंचकातला बॉबी फाल्टा पुढे आधुनिक जॅझकडे वळला.

हेन्शे वाइस (१९५१–२०१६) तिथूनच निघाला, १९७२ मध्ये त्यानं स्वतःचं पंचक काढलं. त्यानं सिंतींच्या भाषेत हक्क मागणारं ‘लास मारो चाचपेन’ हे गाणं केलं. इतकं थेट राजकीय गाणं या परंपरेत विरळा. पुढच्या काळात डबल बेसवाला वाली मायर याच्याबरोबर त्याची जोडी होती. दोनच वाद्यं आणि मधली मोकळी जागा. लुलू राइनहार्टलाही शोधा.

बेल्जियम आणि हॉलंड?

फापी लाफर्टिन (जन्म १९५०, कोर्त्रेक). आमच्या मते जँगोनंतरचा सर्वांत सुरेल हात. १९७० च्या दशकात ‘वासो’ या चौकडीत तो विवी लिम्बर्गर आणि कोन द कौटर यांच्याबरोबर होता. लांब स्वरावरचं त्याचं कंपन ऐका. बोट आधी स्वर स्थिर धरतं, मग क्षणभरानं हलायला लागतं. बहुतेक जण पहिल्या क्षणापासून हलवतात आणि स्वर घाबरल्यासारखा वाटतो. फापी बारा तारांची पोर्तुगीज गिटारही वाजवतो.

हॉलंडमध्ये रोझेनबर्ग त्रयीचा स्टोकेलो सर्वज्ञात आहे. त्याच त्रयीत साथ करणारा नूश रोझेनबर्ग मात्र मुलाखतींत सहसा दिसत नाही. खेर्वेनचा पाउलुस शेफर (जन्म १९७८) आणि लोलो मायर यांना जरूर ऐका. लोलो कमी स्वरांत बोलतो, वेगाची हौस नाही.

एलेक बाचिक आणि फेरेंत्स श्नेटबर्गर या यादीत कसे?

कारण रोमा जॅझ गिटार म्हणजे फक्त जँगोची शैली नव्हे.

बाचिक (१९२६–१९९३) बुडापेस्टचा. गिटार आणि व्हायोलिन दोन्हींत तयार. १९५९ च्या सुमाराला पॅरिसला आला, १९६२ मध्ये इलेक्ट्रिक गिटारची पहिली मोठी तबकडी केली. त्याच वर्षी अमेरिकन ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या रेकॉर्डवर वाजवलं. १९६३ ची फ्रेंच गायक सेर्ज गँझबूरची ‘कॉन्फिदांस्येल’ ही तबकडी काढून बघा. गाणाऱ्याच्या मागे फक्त बाचिकची गिटार आणि मिशेल गोद्रीचा डबल बेस, ड्रम नाहीच. कॉर्ड, उत्तर, ठेका असं सगळं एक माणूस सांभाळतो आणि शब्दांवर कुठेही पाय देत नाही. पुढे तो अमेरिकेला गेला, १९७० च्या दशकात व्हायोलिनच्या तबकड्या केल्या, आणि गिटारवाला बाचिक लोक विसरले.

श्नेटबर्गर (जन्म १९५७, शल्गोतार्यान) नायलॉनच्या तारांवर बोटांनी वाजवतो. त्याची ईसीएम लेबलवरची २०१६ ची एकट्याची मैफल आधी ऐका. हंगेरीत फेल्शओर्श इथे २०११ पासून त्याचं संगीत केंद्र प्रामुख्यानं वंचित रोमा मुलांना शिकवतं.

फ्रान्समधला क्रिस्तियाँ एस्कुदे (जन्म १९४७) हाही याच बाजूचा. जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबर त्यानं जोडीनं दौरे केले. आपल्याकडचे श्रोते मॅक्लॉफ्लिनला झाकीर हुसेन यांच्या ‘शक्ती’मुळे ओळखतात, एस्कुदेपर्यंत मात्र फार थोडे पोचतात.

साथीची गिटार मुद्दाम का ऐकायची?

कारण घर तिच्यावर उभं आहे. या ठेक्याला ‘ला पोंप’ म्हणतात. ऐकायला साधा, वाजवायला सर्वांत अवघड. बिरेलीच्या २००१ च्या ‘जिप्सी प्रोजेक्ट’मध्ये फोर्बाकचा होनो विंटरश्टाइन साथीला आहे. एक गाणं फक्त त्याच्यासाठी ऐका, सोलोकडे कान देऊ नका.

चार मात्रांचं एक आवर्तन असं बसतं: पहिल्या मात्रेला वरून खाली स्ट्रोक, जाड तारांवर, आखूड. दुसऱ्या मात्रेला वरून खाली, सगळ्या तारांवर, जोरदार पण कोरडा. वाजताक्षणी डाव्या हाताचा दाब सैल करायचा, बोटं तारेवरून उचलायची नाहीत. लगेच, तिसरीच्या अगदी तोंडावर, खालून वर एक हलका झटका. तिसरी पहिलीसारखी, चौथी दुसरीसारखी, आणि पुन्हा पहिलीच्या आधी झटका.

ठेका बसत नाही. काय चुकत असतं?

तो वरचा झटका. तो मोजून, ठसठशीत वाजवला की ठेका घोड्याच्या टापांसारखा होतो. तो ऐकू येण्यापेक्षा जाणवला पाहिजे. आधी महिनाभर झटका गाळूनच वाजवा, फक्त चार खालचे स्ट्रोक, दुसरा आणि चौथा कोरडा. मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा. म्हणजे २०० च्या लयीचं गाणं असेल तर मेट्रोनोम १०० वर. सुरुवात गाण्याच्या १२० च्या लयीनं, म्हणजे मेट्रोनोम ६० वर. एका लयीत सलग पाच मिनिटं न ढळता टिकलं तरच पुढे चार अंकांनी वाढवा.

दुसरी चूक, कोपरापासून हात घट्ट धरणं. दहा मिनिटांत दंड दुखला तर हात कडक आहे. हालचाल मनगटाच्या वळणातून यायला हवी, ओल्या हाताचं पाणी झटकतो तशी.

वॉल्ट्झची साथ सोपी: पहिल्या मात्रेला जाड तार, दुसरी-तिसरी आखूड कॉर्ड. दुसरीला किंचित जास्त वजन द्या.

पहिल्यांदा कुठल्या कॉर्ड शिकू?

पूर्ण सहा तारांचे बार कॉर्ड विसरा. इथे तीन-चार तारांचे आकार लागतात. ‘ए मायनर सिक्स्थ’ असा: सहावी तार पाचव्या फ्रेटवर मधल्या बोटानं, चौथी तार चौथ्या फ्रेटवर तर्जनीनं, तिसरी आणि दुसरी पाचव्या फ्रेटवर अनामिका आडवी टाकून. पाचवी तार मधल्या बोटाच्या टोकानं बंद, पहिली अनामिकेच्या पोटानं बंद. हाच आकार सहावी तार दहाव्या फ्रेटवर येईल असा सरकवला की ‘डी मायनर सिक्स्थ’. ‘ई सेव्हन्थ’च्या जागी नववा स्वर घातलेला आकार छान बसतो: पाचवी तार सातव्या फ्रेटवर, चौथी सहाव्यावर, तिसरी-दुसरी सातव्यावर.

या तीन आकारांत ‘मायनर स्विंग’ जवळजवळ सगळं येतं. सोळा बार (म्हणजे चार-चार मात्रांची सोळा आवर्तनं): ए मायनर दोन, डी मायनर दोन, ई सेव्हन्थ दोन, ए मायनर दोन, डी मायनर दोन, ए मायनर दोन, मग बी फ्लॅट सेव्हन्थ एक, ई सेव्हन्थ एक, ए मायनर एक आणि परतायला ई सेव्हन्थ एक. बी फ्लॅट सेव्हन्थसाठी सहावी तार सहाव्या फ्रेटवर, चौथी सहाव्यावर, तिसरी सातव्यावर.

सोलो वाजवताना उजव्या हाताचं तंत्र वेगळं असतं म्हणतात, ते कसं?

त्याला ‘रेस्ट स्ट्रोक’ म्हणतात. खालचा स्ट्रोक मारला की पिक हवेत जात नाही, खालच्या तारेवर जाऊन टेकतो. मनगट थोडं उचललेलं, तळवा ब्रिजवर टेकवायचा नाही. दोन नियम: एका तारेवर खाली-वर-खाली-वर, तार बदलली की पुन्हा खालच्या स्ट्रोकनंच सुरुवात, आधीचा स्ट्रोक काहीही असो.

हे करून बघा. चौथी तार सातवा फ्रेट, तिसरी पाचवा, दुसरी पाचवा, पहिली पाचवा. हे ए मायनरचे स्वर. चारही खालच्या स्ट्रोकनं, जणू एकच लांब हालचाल. चढताना मजा येते. उतरताना मात्र पहिलीवरून दुसरीवर जाताना पिकनं मागे उडी मारून पुन्हा खाली यायचं असतं, आणि तिथेच बहुतेकांचा धीर सुटून वरचा स्ट्रोक लागतो. मग स्वर पातळ होतो. उतरत्या ओळी अर्ध्या लयीत घ्या, रोज पंधरा मिनिटं. ड्रम आणि ॲम्प्लिफायर नसताना तीन गिटारींवरून ऐकू जावं म्हणून हे तंत्र टिकलं. त्यात जोर आहे, तो दिखाव्यासाठी नाही.

जँगोसारखं दोनच बोटांनी वाजवायचं का?

नाही. बारो, मातलो, फापी या सगळ्यांनी चारही बोटं वापरली. जँगोसुद्धा कॉर्डसाठी जखमी बोटांची मदत घेत असे. काही तुकडे तर्जनी आणि मधल्या बोटानं वाजवून बघा, कारण त्यामुळे तारेवरून आडवं न जाता गळ्याच्या लांबीनं सरकण्याची सवय लागते आणि जँगोच्या ओळी तशा का वळतात हे कळतं. तेवढ्यापुरतंच.

कुठली गिटार, तारा, पिक?

मूळ वाद्य सेल्मर कंपनीचं, मारिओ माकाफेरीच्या आराखड्याचं, १९३२ पासून १९५२ पर्यंत साधारण हजारभर बनली. सुरुवातीच्या गिटारींना इंग्रजी ‘डी’सारखं मोठं तोंड, नंतरच्यांना लहान लांबट गोल. लांबट तोंडाच्या गिटारीची मोकळी तार ६७० मिलीमीटर, म्हणून ताण जास्त आणि आवाज नाकातला, टोकदार. जँगोची ५०३ क्रमांकाची पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे.

सुरुवातीला ती घेण्याची गरज नाही. चांगली स्टीलच्या तारांची साधी गिटार चालते. तारा ०.०१० किंवा ०.०११ इंचापासून सुरू होणाऱ्या, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या वेष्टणाच्या घ्या. ब्रॉंझच्या तारा इथे फार झणझणतात. बाराव्या फ्रेटवर जाड तार ३ मिलीमीटर आणि बारीक तार २.५ मिलीमीटर उंच असू द्या. याहून खाली आणली की रेस्ट स्ट्रोकला तार फ्रेटवर खडखडते. पिक किमान २ मिलीमीटर जाड, ३.५ पर्यंत चालतं. पातळ पिक वाकतं, स्वर उशिरा निघतो आणि ठेका मागे ओढला जातो.

कोकणात, गोव्यात, मुंबईत राहणाऱ्यांसाठी: चांदीच्या मुलाम्याच्या तारा दमट हवेत फार लवकर काळ्या पडतात आणि मंद होतात. वाजवून झालं की प्रत्येक तार सुती फडक्यानं, खालूनही पुसा. पावसाळ्यात गिटार पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पेटीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहील हे बघा. पातळ पाट फुगला की तारा आपोआप उंच होतात. तेव्हा घाईनं ब्रिज घासून घेऊ नका, हिवाळ्यात पाट बसतो आणि तारा खडखडायला लागतात.

लिहिलेल्या नोटेशनवरून शिकलं तर?

शिकता येतं, पण या घरांत कोणी तसं शिकत नाही. कानानंच घेतात, आपल्या तालमीसारखं. आठच बारांचा तुकडा निवडा. आधी तो गाता आला पाहिजे, गिटार हातात न घेता. मग ५० ते ६० टक्के वेगावर, स्वर न बदलता, ऐकून बोटांवर घ्या. एकच स्वर तीन ठिकाणी सापडतो, त्यातली खरी जागा पिकच्या दिशेवरून कळते: रेस्ट स्ट्रोकचा नियम जिथे सहज बसतो ती जागा. १९३०–४० च्या तबकड्यांचा स्वर आजच्या ट्यूनिंगशी बरेचदा जुळत नाही. अशा वेळी गिटार नव्हे, ॲपमध्ये रेकॉर्डिंगचा स्वर वरखाली करून जुळवा.

सुरुवात जँगोच्या वेगवान सोलोपासून करू नका. सारानेचा एखादा मध्यम लयीतला तुकडा घ्या, मग फापीचा, मग जँगो.

नाव शोधलं तर काहीच सापडत नाही. काय करू?

या वादकांना तीन नावं असतात: कागदावरचं, घरातलं आणि मंचावरचं. बारोचं कागदावरचं नाव पिएर, मातलोचं जाँ. रेकॉर्डवर कधी एक, कधी दुसरं. राइनहार्ट, वाइस, विंटरश्टाइन, श्मिट ही आडनावं तर शेकडो लोकांची आहेत, त्यामुळे एकाच नावाचे दोन वादक सहज मिसळतात. टोपणनावाबरोबर गाव किंवा साथीदाराचं नाव जोडून शोधा: ‘लुलू राइनहार्ट’ एकटा टाकलात तर लुलो राइनहार्टही येईल, तो वेगळा माणूस. ओस्लोच्या ‘हॉट क्लब रेकॉर्ड्स’ची यादी एकदा सबंध चाळा. फापी, स्टोकेलो, आंजेलो देबार यांची १९८०–९० च्या दशकातली महत्त्वाची कामं तिथली आहेत.

हे वाजवणारे सगळे सिंती किंवा रोमाच असतात का?

नाही. ग्रापेली नव्हता, हॉट क्लबचा साथीदार रोजे शापू नव्हता, आजचे कित्येक उत्तम वादक नाहीत. कोणीही शिकावं. फक्त मंचावर ‘जिप्सी’ म्हणून वेशभूषा करून उभं राहू नये. ती वेशभूषा या घरांतल्या कोणाचीच नाही. बारो फेरेचे फोटो बघा: कडक सूट, टाय, चोपून बसवलेले केस.